आईच्या अंत्ययात्रेची डिस्क

कान्यार,
नाताळच्या आधीचा आठवडा

तीर्थस्वरूप विर्जिलिओदादास,

धाकट्या असेन्सिओचा नमस्कार. पाया पडतो असं लिहिणार होतो, पण तुझे पाय न्यूयॉर्कात आणि मधे अख्खा मेक्सिको, तेव्हा इथूनच वाकलो असं समज. कंबर कशी आहे तुझी? वहिनीचा खोकला गेला का? ज्या हॉटेलात भांडी घासायचास तिथे आता तुला कांदे चिरायला बसवलंय असं कळलं. बढती झाली, आनंद वाटला. इकडे सगळं क्षेमकुशल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. गाय आटली, बटाट्यावर करपा पडला, पावसाचा पत्ता नाही, धरणाचा तळ दिसायला लागला म्हणून वीज रोज जाते, आणि बाबा तुझं नाव काढत नाहीत. बाकी क्षेम.

तू दर रविवारी फोन करतोस आणि दर रविवारी बाबा गुरांकडे गेलेले असतात. गुरांचं रविवारीच एवढं काय काम निघतं, असं तू मागच्या वेळी विचारलंस आणि मी खोकल्यासारखं केलं. आता लिहूनच सांगतो. फोनवर सांगायची सोय नाही, कारण दोरिंदाबाईच्या फोनच्या दुकानात त्या लाकडी खोक्यात उभं राहून आपण बोलतो आणि बाहेर बाकावर बसलेल्या बायका विणकाम थांबवून ऐकतात. (मागे तू मूळव्याधीचं औषध विचारलंस, तर घरी पोचेपर्यंत मला तीन जणींनी काढा सांगितला.) मुद्दा थोडक्यात असा, की बाबांना आईचा चेहरा हवा आहे आणि तो माझ्याकडे नाही. ज्याचा धंदाच लोकांचे चेहरे टिपण्याचा, त्याच्याकडे स्वतःच्या आईचा चेहरा नाही! हस, हस. गावही हसून झालंय.

तुला आठवत असेल, नसेल (तुला काय आठवतं आणि काय नाही याचा अंदाज बांधणं मी सोडून दिलं आहे), आईला फोटोचं वावडं होतं. कॅमेरा दिसला की शाल तोंडावर ओढायची. मी व्हिडिओचं दुकान टाकलं तेव्हा पहिल्यांदा तिलाच उभी केली, तर म्हणाली, "लग्नं काढ, बाप्तिस्मे काढ, माझ्या वाटेला जाऊ नकोस." ओळखपत्रावर एक फोटो होता म्हणावं, तर ते ओळखपत्र ती फडक्यात बांधून पोलक्यात ठेवायची आणि घामानं त्यावर चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग उरला होता. त्या डागावर तिनं वर्षानुवर्षं रेशन घेतलं, मतदानही केलं. जुनी प्रत मिळेल म्हणून नोंदणीच्या कचेरीत गेलो, तर तिथल्या बाईनं सांगितलं की त्या सालचे कागद उंदरांकडे आहेत. म्हणजे आईला मी आयुष्यात एकदाच, मनसोक्त, तिनं शाल न ओढता काढली. ती शवपेटीत होती तेव्हा.

आता धंद्याचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर तुला वाटेल मी दारू पिऊन बसलो होतो. माझ्या संगणकातला चोरीचा प्रोग्राम विषाणूंनी खाल्ला, तेव्हापासून कुएंका शहरातल्या एका संगणकाच्या मास्तरांनी घालून दिलेल्या फुकटच्या प्रणालीवर मी काम करतो. त्यात बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळा पडदा, आणि त्यावर उघडझाप करणारी एक रेघ. आज्ञा अक्षर-अक्षर टाइप करायची आणि एंटर दाबायचं. चुकलं तर पानभर बोलणी खायची. बरोबर आलं तर ते यंत्र एक शब्द बोलत नाही. (अगदी बाबांसारखं. म्हणूनच आमचं जमलं असावं.) डिस्क करायची म्हणजे चार आज्ञा. पहिली चित्रीकरण दळून डीव्हीडीला पचेल असं करते. दुसरी ते एका फोल्डरात मांडते, म्हणजे डिस्कचा संसार थाटते. तिसरी त्या सगळ्या संसाराची प्रतिमा बनवते, म्हणजे एकच एक भलीमोठी फाइल. चौथी ती प्रतिमा कोऱ्या डिस्कवर जाळते. (आमच्यात जाळणंच म्हणतात. फादरना हा शब्द अंत्ययात्रेच्या बाबतीत सहन होत नाही, म्हणून त्यांच्यासमोर मी छापणं म्हणतो.)

आणि फोल्डरला मी नाव देतो 'आई'. का, तर ज्यांची पोरं तुमच्या देशात भांडी घासतात, त्यांच्याकडे कुणी गेलं की सगळे मला एकच विचारतात: आईची डिस्क कधी मिळणार? वडलांसाठी डिस्क मागणारा मला अजून भेटलेला नाही. एक आई पार्सलातून गेली की फोल्डर पुसायचा आणि पुढच्या आईला जागा करायची, असा माझा नेम. या वेळी तो चुकला. कसा चुकणार नाही! आपल्या आईच्या आदल्याच आठवड्यात वरच्या आळीतल्या एउलालियाकाकू गेल्या. सेराफिनकाकांच्या मंडळी, त्यांचा लिसांद्रो तिकडे डॅनबरीला छपरं शाकारतो. त्याची डिस्क मी पाठवली, पण काकांनी सांगून ठेवलं होतं की मुलींसाठी आणखी काढाव्या लागतील, म्हणून फोल्डर राहू दिला. आणि मग आपल्याच घरात ते झालं. सकाळी आई कोंबड्यांना दाणे टाकायला गेली ती परत आलीच नाही. पुढचं तुला माहीत आहे. म्हणजे, तुला वाटतं की माहीत आहे.

आईची अंत्ययात्रा मी स्वतः काढली. दुसऱ्या कुणाला कॅमेरा द्यायला मन होईना, आणि खरं सांगायचं तर डोळ्यापुढे कॅमेरा धरला की रडताना दिसत नाही. मग बसलो आज्ञा द्यायला. त्या आठवड्यात वीज येई, जाई. यंत्र चालू, बंद, चालू. अर्धवट जळून वाया गेलेल्या डिस्का बाबांनी मक्यात दोरीला टांगल्यात, पाखरं येत नाहीत. शेवटी एक डिस्क पुरती झाली. नेहमीसारखं पहिलं मिनिट लावून बघितलं: मेणबत्ती, चर्चचं दार, पांढऱ्या टोप्यांची रांग, बँडवाल्यांचं रडकं गाणं. ठीक आहे म्हटलं आणि पार्सलात टाकली. आता तू म्हणशील, गाढवा, पुढे का नाही बघितलंस? एक तर बघवत नव्हतं. दुसरं, माझ्याकडे सगळ्या अंत्ययात्रांचं पहिलं मिनिट एकच आहे. एकदा चांगलं जमलं होतं, ते सगळ्यांना लावतो. कुणाची तक्रार नाही.

मग पितरांच्या दिवशी तुझा फोन आला. आम्ही सगळे दफनभूमीवर जांभळं पेय आणि पावाच्या बाहुल्या ठेवून आलो होतो. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून दोरिंदाबाईनं फोन मोठ्या आवाजावर टाकला. तू रडत होतास. म्हणालास, डिस्क पाहिली, पोट भरून पाहिली. म्हणालास, आई अगदी होती तशीच दिसत होती. हिरवी शाल तिला काय शोभत होती! म्हणालास, बाबा किती वाळले, त्यांना कुणी जेवायला घालतं की नाही? मग माझ्यावर घसरलास: असेन्सिओ, एवढ्या लवकर टक्कल? आणि मग चिडलास, की आईच्या जागरणाला हाडाचे फासे का टाकले नाहीत, आपल्यात प्रेताशेजारी रात्रभर तो खेळ खेळायची रीत आहे, पैसेवाले झालात काय?

दादा, बाबा वाळलेले नाहीत, चांगले गरगरीत आहेत. वाळले ते सेराफिनकाका, साखरेच्या आजारानं. टक्कल त्यांच्या जावयाला आहे. मी त्या डिस्कमध्ये कुठेच नाही, मी कॅमेऱ्यामागे होतो. माझ्या डोक्यावर रान आहे, ये आणि ओढून बघ. आपल्याकडे हाडाचा खेळ पहाटेपर्यंत चालला. धाकट्या मामानं फासे लबाडीनं टाकले, म्हणून त्याच्या तोंडाला काजळी फासली, आणि बाबासुद्धा हसले. आईनं जन्मात हिरवी शाल घेतली नाही. तू एउलालियाकाकूंसाठी रडलास.

त्या वेळी का नाही बोललो, म्हणशील. रडणाऱ्या माणसाला कसं सांगायचं की अरे, तुझं प्रेत चुकलंय? आणि बाकावरच्या बायका श्वास रोखून बसलेल्या. बाबांनी मला कोपरानं ढोसलं, "कुणाबद्दल बोलतोय रे हा?" मी म्हटलं, लाइन खराब आहे. बाबा म्हणाले, "लाइन चांगली आहे." आणि टोपी घालून बाहेर गेले. पण तेव्हा ते नुसते गोंधळले होते. मला वाटलं, गुपचूप नवी डिस्क करू, तुला पाठवू, म्हणू की ही जास्त चांगली झाली आहे.

तेवढ्यात तुझं पार्सल आलं. कुणी सांगितलं होतं रे तुला? डिस्कच्या मधे तो फोटो येतो ना, प्रार्थना झाल्यावर, भोवती कबुतरं उडतात तो? तो तुझ्या ओळखीच्या फोटोवाल्याकडून उतरवून घेऊन तू चिनीमातीची पाटी बनवलीस, थडग्यावर लावायला. पाटी छानच होती. वाटीएवढी, सोनेरी काठ, खाली आईचं नाव, जन्म, मृत्यू. बाबांनी हात धुतले, स्वच्छ पुसले आणि अंगणात सगळ्यांसमोर कागद सोडला. सगळ्यांसमोर म्हणजे सेराफिनकाकांसमोरसुद्धा. ते आमच्याकडे खुरपी मागायला आले होते.

काकांनी हळूच टोपी काढली आणि म्हणाले, "ही तर माझी एउलालिया."

बाबा म्हणाले, "हो, तुझीच. घेऊन जा."

"पण खाली नाव तुमच्या मंडळींचं आहे."

"मग नावाला चुना फास," बाबा म्हणाले आणि पाटी त्यांच्या हातात दिली. काका खुरपी विसरले, पाटी छातीशी धरून गेले. ती आता एउलालियाकाकूंच्या थडग्यावर आहे. नावावर सिमेंटचा पट्टा ओढलाय, पण काठ दिसतो. गावात सगळे म्हणतात, विर्जिलिओनं शेजारधर्म पाळला. मी मान हलवतो.

तेव्हापासून बाबा तुझं नाव काढत नाहीत. मी समजावलं: बाबा, तो गेला तेव्हा आई तरुण होती, तिची म्हातारी झालेली त्यानं कधी बघितलीच नाही, टोपी घातली, दात पडले की सगळ्या आया सारख्याच दिसतात. बाबा म्हणाले, "गाईला हजार वासरांत आपलं वासरू कळतं." मी म्हटलं, वासराला कळतं का ते बघा. उठून गुरांकडे गेले. मला तुझा राग येत नाही असं नाही, दादा. येतो. तुझी बाजू मांडताना सगळ्यात जास्त येतो.

पण खरी पंचाईत तुझी नाहीच. दोन दिवसांनी बाबा दुकानात आले. कधी येत नाहीत. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "तुझ्या यंत्रात आहे ना ती? दाखव." मी म्हटलं, वीज नाही. म्हणाले, "बसतो." बसून राहिले. वीज आली, मी यंत्र लावलं, आणि आतून कट-कट, कट-कट असा आवाज आला, सुतारपक्षी झाड ठोकतो तसा. दादा, विजेच्या येण्या-जाण्यानं त्याची हार्ड डिस्क मेली होती. कुएंकाला घेऊन गेलो, मास्तरांनी कानाला लावून ऐकली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मूळ टेप म्हणशील, तर माझ्याकडे टेपा मोजक्या. आईच्या टेपवर त्याच महिन्यात सरपंचाच्या नातवाचा बाप्तिस्मा चढला. आता तिथे एक बाळ गळा काढून रडतं आणि सगळे हसतात. लिसांद्रोला विचारलं, डिस्कांची अदलाबदल झाली असेल म्हणून. तो म्हणाला, माझी बरोबर आहे, माझीच आई आहे, तू का विचारतोस? मी म्हटलं, सहज, दर्जा तपासतोय.

हे सगळं बाबांना सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "उभ्या जन्मात सेराफिनच्या बायकोशी मी धड बोललो नाही. आता डोळे मिटले की तीच येऊन उभी राहते, त्या पाटीवरची. तुझ्या आईला आठवायला जातो आणि ही आडवी येते. एकदा दाखव रे मला तिचा चेहरा. एकदा बघितला की ही जाईल." आणि मग त्यांनी माझ्यासमोर डोळे मिटून बघितले, आणि उघडले, आणि मान हलवली. मी यंत्राच्या मागे वायर शोधायला वाकलो. वायर काही निघालेली नव्हती.

तर अशी इथली हकिकत. तू मनाला लावून घेऊ नकोस. जमल्यास एक चांगली हार्ड डिस्क आणि थोड्या कोऱ्या डिस्का पाठव, इकडच्या फार रद्दी निघतात. आणि रविवारी फोन करत जा, बाबा नसले तरी. वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. त्यांना आपली भाषा येत नसेल तर नुसता डोक्यावरून हात फिरव.

तुझा धाकटा,
असेन्सिओ
(केसाळ)

ता. क. सोबत भाजलेली गिनीपिग पाठवली आहेत, फडक्यात बांधून. कस्टमवाल्यानं विचारलं तर ससे म्हण.

ता. क. दुसरा. वर हार्ड डिस्क मागितली ती नाही पाठवलीस तरी चालेल. पत्र लिहिलं ते यासाठी नाही. इथवर वाचून तू काय करणार ते मला माहीत आहे: ती डिस्क काढशील आणि गुडघ्यावर तिचे दोन तुकडे करशील. तू फोडलेला रेडिओ आपल्या माळ्यावर अजून आहे. दादा, करू नकोस. हात जोडतो. आधी मास्तर काय म्हणाले ते वाच. त्या दुसऱ्या आज्ञेची एक खोड आहे, मला माहीत नव्हती. फोल्डरात आधीच कुणाचा संसार असेल, तर ती विचारत नाही आणि मोडतही नाही. त्याच्यामागे दुसरा मांडून मोकळी होते. दार पहिल्याचंच राहतं. म्हणजे तू एउलालियाकाकूंची अंत्ययात्रा संपल्यावर डोळे पुसून टीव्ही बंद केलास, तेव्हा कदाचित आपली आई त्यांच्या मागे उभी होती. कदाचित म्हणतो, कारण मी दुसरी आज्ञा दिली आणि वीज गेली. आल्यावर झालं असेल असं धरून मी तिसरी दिली. दुसरी पुरी झाली होती की नाही, देवाशपथ सांगता येत नाही. पण तुला बघता येईल. डिस्क उलटी कर आणि जांभळी बाजू खिडकीपाशी उजेडात तिरकी धर. जिथवर जाळलेलं असतं तिथवर रंग गडद दिसतो. एक अंत्ययात्रा अर्ध्यापर्यंत पुरते, मी मोजूनमापून बसवतो. गडद रंग अर्ध्यावरच थांबला असेल तर ती नाही. मग मला कळवू नकोस, मी बाबांना सांगेन की पोस्टात हरवली. कडेपर्यंत गेला असेल, तर डिस्क लाव, काकूंना माती दिली की बंद करू नकोस, पुढचं बटण दाब. आणि मग ती डिस्क दोन पुठ्ठ्यांत घालून ओळखीच्या माणसाच्या हातीच पाठव. जगात आईचा दुसरा चेहरा नाही.

ता. क. तिसरा. मी पेटीवर वाकून चेहरा जवळून घेतला आहे. तिथे पोचलास की नीट खात्री करून घे. तुला ओळखता येणार नाही म्हणून खूण लिहितो, रागावू नकोस. शाल काळी. उजव्या भुवईत आडवा व्रण आहे, तो तू गेल्यानंतरचा, म्हणून तुला ठाऊक नाही. आभाळात विमान दिसलं की ती वर बघत बघत चालायची, त्यात एकदा बांधावरून दगडांत पडली. तू मासळीच्या बोटीत तळाशी दडून गेलास, हे तिला आम्ही कुणी कधी सांगितलं नाही.